ट्रक डावीकडे कलतोय? पाट्याला हात लावायच्या आधी

पाऊस सुरू झाला की आमच्या यार्डात ही तक्रार ठरलेली. ड्रायव्हर गाडी लावतो, दहा पावलं मागे जातो, मान वाकडी करून बघतो आणि म्हणतो, "दादा, गाडी डाव्या अंगाला बसलीय. एक पाटा टाकून घ्या." पाटा म्हणजे गाडीचं वजन झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. मी तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या गाड्यांचं मेंटेनन्स बघतो. त्याआधी सहा वर्षं वडाळ्याला एका पाटेवाल्याकडे होतो, म्हणजे हाच जादा पाटा मी स्वतः शेकडो गाड्यांना टाकलाय. आता बिल भरायच्या बाजूला बसल्यावर लक्षात येतं, की त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पाटा लागतच नव्हता. जादा पाट्याने गाडी सरळ दिसते, पैसे दिल्याचं समाधान होतं आणि मूळ दुखणं आत तसंच राहतं. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा दारात.

खाली लिहिलंय ते पाट्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, म्हणजे छोट्या टाटा ४०७ पासून सहाचाकी-दहाचाकीपर्यंत. हवेच्या फुग्यांवरच्या गाड्यांबद्दल शेवटी थोडं आहे.

लक्षणं

नुसतं "कलते" म्हणून भागत नाही. कधी कलते, ते ड्रायव्हरकडून काढून घ्या. खाली (म्हणजे रिकामी) गाडी सरळ आणि लोडवर कललेली, असं असेल तर संशय एका पाट्याच्या तड्यावर किंवा माल भरण्याच्या पद्धतीवर. खाली असतानाही तेवढीच कलत असेल तर टायर, बुश (पिनभोवतीची नळी), शॅकल (पाट्याचं एक टोक ज्यावर झुलतं ती कडी) किंवा पाट्याची गेलेली कमान. काल सरळ होती आणि आज सकाळी बसलेली दिसली, तर काहीतरी तुटलंय किंवा आतल्या टायरची हवा गेलीय. महिनोन्‌महिने हळूहळू बसत आली असेल तर झीज किंवा गंज.

सोबतची लक्षणंही विचारा. खड्ड्यात एकाच बाजूने "ठक्" असा कोरडा आवाज येतो का? येत असेल तर एक्सल चासीखालच्या रबरावर आपटतोय. टायरला मडगार्ड घासल्याची काळी रेघ आहे का? स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला ओढते का? आणि एक लक्षण ड्रायव्हरला कधीच दिसत नाही, मागून येणाऱ्याला दिसतं: गाडी सरळ जातेय पण तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे, खेकड्यासारखी. हे शेवटचं दिसलं तर बाकी तपासणी सोडा, थेट खाली 'यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट' लिहिलंय तिथे या.

डावीच बाजू का बसते

दहांतल्या आठ गाड्या डावीकडेच कलतात असं मला वाटतं. मोजलेलं नाही, अंदाज आहे, पण कारण उघड आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दोन्ही कडांकडे उतार देतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे दिवसभर गाडीचं वजन थोडं जास्त डाव्या पाट्यांवर असतं. त्यात पाणी साचतं डाव्या कडेला, म्हणजे खड्डे पडतात तेही डाव्या कडेला. रात्री गाडी लागते ती गटाराला खेटून, डावी चाकं खाली. नो एंट्री सुटायची वाट बघत नाक्यावर तासन्‌तास उभी राहते तीही तशीच, लोडसकट. पाट्याला विश्रांती नाही, आणि डावीकडच्या शॅकलला गटाराचं पाणी.

ह्यातूनच पहिली तपासणी निघते.

जमीन सरळ आहे का ते बघा

हसू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी "कललेल्या" गाड्या मी नुसत्या तोंड फिरवून उभ्या करायला सांगितल्या, आणि कल बाजू बदलून मोकळा झाला. गाडी डावीकडे कलली असेल तर त्याच जागी उलट्या दिशेने लावून बघा. डावीकडचा कल उजवीकडे गेला तर दोष गाडीचा नाही, फरशीचा. पेट्रोल पंपाची जमीन मापाला चालत नाही, तिथे मुद्दाम उतार दिलेला असतो. वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म सगळ्यात चांगला. गर्दी नसेल तर काटेवाला दहा मिनिटं देतो.

पातळी बघायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घ्या. त्यात पाणी भरून एक टोक डाव्या चाकापाशी, दुसरं उजव्या चाकापाशी धरा. आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. कोणत्याही महागड्या यंत्राच्या तोडीचं काम हा पाईप करतो.

वजन कुठे आहे

गाडी पूर्ण खाली करा. "खाली आहे" असं ड्रायव्हर म्हणतो तेव्हा हौद्यात चढून बघा. डाव्या कोपऱ्यात साखळ्या, जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), फाटकी ताडपत्री आणि कुठल्याशा साईटवरून उरलेलं डेब्रिज, असा संसार निघतो. डिझेलची टाकी कोणत्या बाजूला आहे ते बघा. लिटरमागे साधारण ८३० ते ८५० ग्रॅम धरलं तर १५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे सव्वाशे किलो एकाच अंगाला. स्टेपनी आणि बॅटरीही बहुतेक वेळा एकेका बाजूलाच असतात.

पावसाळ्यात आणखी एक. १४ फूट बाय ६ फूट हौद्यात फक्त १ इंच पाणी साचलं तर ते जवळजवळ २०० किलो होतं. पाणी सगळीकडे सारखं राहत नाही, खालच्या बाजूला धावतं, म्हणून थोडा कल असेल तर तो वाढवून दाखवतं. हौद्याच्या कडेची भोकं चिखलाने बुजली असतील तर सळई घालून मोकळी करा. खर्च शून्य.

माल भरण्याची सवयही विचारून घ्या. हमाल एका बाजूने थप्पी लावत येतात आणि अर्ध्या मालाची डिलिव्हरी एका बाजूने आधी उतरते. उरलेल्या मालासकट गाडी अर्धा दिवस फिरते. रोजचं हेच असेल तर त्या बाजूचा पाटा लवकर थकणार, नवीन टाकला तरी.

टायर

सकाळी, गाडी हलायच्या आधी, थंड टायरची हवा मोजा. चालून आलेल्या गरम टायरमध्ये प्रेशर वाढलेलं असतं आणि ते बघून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी भरतो. दोन्ही बाजूंना कंपनीच्या पट्टीवर लिहिलेलं प्रेशर हवं.

मागे जोड टायर असतील तर आतल्या टायरला विसरू नका. बाहेरचा टायर भार उचलून धरतो आणि आतला बसलेला बाहेरून दिसतच नाही. टॉमीने आतल्या टायरवर ठोका मारून बघा: भरलेला टायर टणक उसळतो, बसलेला "भद्द" वाजतो. मागच्या वर्षी भिवंडीहून आलेल्या एका गाडीला दोन दिवसांपूर्वीच पाटा टाकून घेतला होता. मी ठोका मारला तर आतला टायर पंक्चर. पाट्याचे पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे दोन टायरचा भार एकट्या बाहेरच्या टायरने दोन दिवस वाहिला. तो तापून फुटला नाही हे नशीब.

हवा बरोबर असेल तर टायरची उंची बघा. एका बाजूला नवा टायर आणि दुसरीकडे गोटा झालेला, असं आपल्याकडे सर्रास चालतं. नव्याची नक्षी १५ मिलीमीटर आणि जुन्याची ३ उरली असेल तर जुन्या टायरच्या बाजूला चाक १२ मिलीमीटरने खाली. हौद्याच्या कडेला हा फरक १७-१८ मिलीमीटर दिसतो, कारण हौदा चाकांच्या बाहेरपर्यंत येतो. टायरची जोडी नीट लावली की प्रकरण इथेच संपतं.

आता टेप काढा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर माप घ्यायचं. ही तपासणी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

आधी गाडी वीसेक मीटर पुढे नेऊन हळूच थांबवा, करकचून ब्रेक नको. हौद्यात दोघंजण चढून दोनचार वेळा दणादण हलवा. पाटे एकमेकांवर घासून धरून ठेवतात, त्यामुळे जॅकवरून नुकतीच उतरलेली किंवा वळणावरून आलेली गाडी खोटी उंची दाखवते.

मग चारही चाकांपाशी एक्सलच्या ठरलेल्या जागेपासून सरळ वर चासीच्या खालच्या कडेपर्यंत माप घ्या. दोन्ही बाजूंना जागा तंतोतंत तीच हवी, म्हणून खडूने खूण करा. माप कागदावर लिहा. डोक्यात ठेवलेलं माप चहा पिऊन येईपर्यंत बदलतं.

एक्सल आणि चासीमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आणि तरी गाडी कललेली, तर पाटे निर्दोष आहेत. पुन्हा टायर आणि जमीन बघा. चासी सरळ पण हौदा कललेला, तर हौदा चासीला बांधणारे यू बोल्ट ढिले झालेत किंवा मधली लाकडं कुजलीत. मुंबईच्या दमट हवेत ही लाकडं आतून भुसा होतात आणि वरून रंग शाबूत असतो. पेचकस खुपसून बघा. केबिन एकटीच कललेली असेल तर केबिनची माउंटिंग रबरं. आणि अंतरातच फरक असेल तर आता दोष पाटे, शॅकल, बुश यांच्या टापूत आहे.

किती फरक चालतो? १० मिलीमीटरपर्यंत मी लक्ष देत नाही. डावा-उजवा पाटा एकमेकांपासून साधारण मीटरभर अंतरावर असतो आणि हौदा सव्वादोन-अडीच मीटर रुंद. म्हणजे पाट्यापाशी १० मिलीमीटरचा फरक हौद्याच्या दोन कडांमध्ये इंचभर दिसतो. मागून बघणाऱ्याला इंच फार वाटतो. एवढ्यासाठी काही उघडू नका.

दोषी पुढचा की मागचा

चासी कडक असते. पुढचा डावा पाटा बसला तर मागची डावी बाजूही थोडी खाली येते, आणि मागे जास्त दिसते कारण हौदा मागे आहे. मग मागचा पाटा बदलला जातो आणि कल तसाच.

उपाय सोपा. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढच्या आडव्या मेंबरच्या बरोबर मध्यावर जॅक लावून चासी एवढीच उचला की पुढच्या पाट्यांवरचा भार निघावा. आता पुढचे पाटे चासीला कोणत्याही बाजूला ढकलू शकत नाहीत, गाडी मधोमध एका टेकूवर आहे. मागे जाऊन माप घ्या. कल गेला तर दोषी पुढे. कल तसाच राहिला तर दोषी मागे. हे सगळं बाहेर उभं राहून करायचं. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

शॅकल, पिन, बुश

पाट्याचं एक टोक ब्रॅकेटला पक्कं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. गाडीवर भार आला की पाटा सपाट होऊन लांब होतो, त्या लांबीला जागा देण्यासाठी शॅकल हलायला हवं. पिन गंजून धरली की शॅकल हलत नाही. मग पाटा कितीही चांगला असो, तो खाली दबल्यावर वर येत नाही किंवा मुळात दबतच नाही. एका बाजूची पिन धरली आणि दुसरी मोकळी असेल तर गाडी कलणारच.

आमच्याकडची एक १४ फुटी गाडी, मी यायच्या आधीची. दोन वर्षांत तिच्या डावीकडे तीन जादा पाटे पडले होते. दरवेळी गाडी उचलली जायची, चार महिन्यांत पुन्हा बसायची. मी आलो तेव्हा दोन्हीकडच्या शॅकलचे कोन शेजारी उभं राहून बघितले. उजवं शॅकल तिरपं, हौदा हलवला की तेही हलायचं. डावं जागचं ढिम्म. निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीसगन लावली तर हँडल दाबलंच जाईना. शेवटी पिन काढायला हातोडा आणि अर्धा दिवस गेला. बाहेर आली तेव्हा मधोमध कंबर गेल्यासारखी झिजलेली होती आणि बुशमध्ये ग्रीसऐवजी लाल चिखल. नवीन पिन, नवीन बुश, आणि ते तिन्ही जादा पाटे काढून टाकले. ड्रायव्हरमामा म्हणाले, "आता जास्त लोड घेता येणार नाही की." मी म्हटलं, "मामा, ते आधीही घेता येत नव्हतं." पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या सुधारणेनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर जादा टनामागे २,००० आहे.

ग्रीस करताना जुनं काळं ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर येईपर्यंत मारा. जात नसेल तर चासी जॅकने उचलून पिनवरचा भार काढा, मग मारा. भाराखाली पिन एका बाजूने बुशला चिकटलेली असते आणि ग्रीसला शिरायला जागाच नसते. त्यानेही गेलं नाही तर निपल बदलून बघा, तो सगळ्यात स्वस्त आहे. पावसाळ्यात आम्ही ग्रीसचं अंतर निम्मं करतो.

रबरी बुश असलेल्या गाड्यांत एक चूक फार होते. गाडी उचललेली, चाकं लोंबकळती, आणि मेकॅनिक तशातच बुशचा बोल्ट आवळतो. मग गाडी खाली आली की रबर पिळलं जातं आणि ते पाट्याला एका बाजूला ढकलत राहतं. बोल्ट नुसता लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, मग आवळायचा. नव्या बुशनंतर गाडी कलायला लागली असेल तर आधी हे सैल करून पुन्हा आवळून बघा.

शॉकअपला दोष देऊ नका. शॉकअप उसळी आवरतो, गाडीची उंची धरत नाही. गेलेला शॉकअप बदलायलाच हवा, पण त्याने कल जाणार नाही.

यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट

पाट्यांचा गठ्ठा मधोमध सेंटर बोल्टने एकत्र असतो आणि त्या बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसतं. यू बोल्ट गठ्ठा एक्सलला आवळून धरतात. यू बोल्ट ढिले झाले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कापला जातो. मग ती बाजू एक्सलवर मागे-पुढे सरकते, खेकड्याची चाल तिथून येते.

उघडायची गरज नाही, बघूनच कळतं. नटाखाली किंवा पाट्यांच्या मधून गंजाचा लालसर ओघळ आला असेल, किंवा पाट्याच्या बसण्याच्या जागी घासून चकचकीत झालं असेल, तर तिथे हालचाल आहे. मग पुढच्या ब्रॅकेटच्या पिनच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. काही मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी तिथेच उभी करा. लोड दुसऱ्या गाडीत घ्या. मालक ओरडेल, ओरडू द्या.

एक्सल जागचा सरकला नसेल आणि फक्त यू बोल्ट ढिले असतील तर टॉर्क पान्याने, कंपनीच्या मापात, आडव्यातिडव्या क्रमाने आवळा. पाइप लावून अंगाच्या जोरावर नको. एकदा पूर्ण काढलेला यू बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याचे आटे ताणले गेलेले असतात. नवीन चार यू बोल्ट पूर्ण एक्सलच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

पाटा, शेवटी

आता पाटा. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गठ्ठा स्वच्छ करा, कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरवा. तड्यात शिरलेलं रॉकेल थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उठवतं. केसाएवढी बारीक रेघ, पण एकदा दिसली की नजर हटत नाही. बघायच्या जागा ठरलेल्या: सेंटर बोल्टच्या भोकाशेजारी, यू बोल्टची कड जिथे संपते तिथे, आणि मेन पाट्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या गोल वळणाला. तुटीचा रंगही बघा. आतपर्यंत गंजलेली तूट जुनी, चमकणारी तूट कालपरवाची.

तडा नसेल तर दोन्हीकडचे पाटे मोजा आणि त्यांची जाडीही बघा. आधीच्या कोणी एका बाजूला १० मिलीमीटरच्या जागी १२ चा पाटा घातलेला असतो. दोन मिलीमीटरने काय होतं? पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो एक पाटा वीस टक्क्यांनी नव्हे, जवळपास पावणेदोन पट कडक झाला. ती बाजू लोडवर कमी बसते आणि दुसरी बाजू "बसलेली" दिसते. चांगला पाटा दोषी ठरतो.

पाटेवाल्याकडे दोन्ही गठ्ठे काढलेच तर ते जमिनीवर शेजारी ठेवा, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दोरी ताणा आणि मधल्या कमानीची खोली मोजून घ्या. ज्याची कमी, तो थकलेला. फरक थोडाच असेल तर डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बदलून बसवा. कल बाजू बदलला तर दोष पाट्याचा. तिथेच राहिला तर चासी किंवा वजनाकडे परत या. मात्र काही गाड्यांत डावा-उजवा पाटा मुळातच वेगळा येतो, त्यामुळे आधी पार्ट नंबर बघा.

ठोकून कमान मारायची की नवीन घ्यायचा? मी ठोकलेत, म्हणून सांगतो. थंडा ठोकलेला पाटा थोडे दिवस उभा राहतो, मग परत बसतो. तापवून, तेलात विझवून, पुन्हा नीट टेम्पर करणारा भट्टीवाला असेल तर काम टिकतं. पण रस्त्याकडेला गॅसच्या नळीने लाल करून वाकवणारा दिसला तर गाडी घेऊन निघा. त्या जागेचं पोलाद मऊ तरी होतं नाहीतर ठिसूळ. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर अजिबात नाही. बदलायचाच असेल तर त्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे बदला. एकीकडे नवा आणि दुसरीकडे पाच वर्षांचा ठेवलात तर आता गाडी उलट्या बाजूला कलेल.

एका बाजूला लोखंडी पॅकिंग देऊन गाडी सरळ करणारेही आहेत. त्यांना एक विचारा: मागच्या एक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे, त्याचं काय? हा व्हॉल्व्ह चासी आणि एक्सलमधल्या अंतरावरून लोड ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. पॅकिंगने किंवा जादा पाट्याने अंतर वाढलं की त्याला वाटतं गाडी खाली आहे, आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. घाट उतरताना हे कळून उपयोग नाही.

इथे थांबा

पाट्यांचा गठ्ठा घरी उघडू नका. सेंटर बोल्ट सोडला की दाबलेले पाटे उडतात, क्लॅम्पशिवाय ते काम पाटेवाल्याचंही नाही. गाडीखाली जायचं असेल तर भार पेलणाऱ्या घोड्या (लोखंडी स्टँड) दोन्ही बाजूंना हव्यात. नुसता जॅक किंवा विटांची रास असेल तर जाऊ नका. तुमच्याकडे घोड्या नसतील तर टेप, खडू आणि ग्रीसगनपर्यंतच तुमचं काम.

मेन पाटा किंवा सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. ब्रॅकेटचे रिव्हेट हलत असतील, ब्रॅकेटजवळ चासीला चीर असेल किंवा रंग तडकून रेघ दिसत असेल तर तो चासीवाल्याचा विषय. चासीवर कुठेही वेल्डिंग मारून घेऊ नका, आधी कंपनीच्या वर्कशॉपला विचारा. सगळं तपासूनही कल राहिला तर चासी पिळलेली असू शकते. कर्णांची मापं घेऊन ते ठरवायला पिट आणि अनुभवी माणूस लागतो. पुढचे पाटे किंवा बुश बदलले की अलाइनमेंट करून घ्यायचीच.

हवेच्या फुग्यांच्या गाडीत बाहेरून साबणाचं पाणी मारून गळती बघा आणि उंची ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी वाकलीय का ते बघा. त्यापुढे हात घालू नका. फुगा अचानक रिकामा झाला तर चासी खाली येते, आणि खाली कोण आहे ते ती बघत नाही.

काम झाल्यावर पहिली लोडची खेप झाली की यू बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा, नवे पाटे आणि नवे बोल्ट बसतात आणि थोडे सैलावतात. चारही मापं पुन्हा घ्या आणि तारखेसकट केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. आमच्या गाड्यांना आता तसं लिहिलेलं असतं. परवा एकाने फोन केला, गाडी कललीय म्हणून. मी म्हटलं, दार उघड आणि आकडे वाच, मग टेप लाव. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला, फरक ४ मिलीमीटर होता आणि तो उभा होता मानखुर्दला, गटाराच्या कडेला.